बिरोबाच्या आसनावर नारळ

१

"दुसऱ्याच्या कार्यात तोंड पाडून उभं ऱ्हाऊ नगं, क्रांते. तितलं काय हरवलं तर लोक पैलं तुज्याकडंच बघत्यात."

शालूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या नातीला खिमट भरवत होत्या, आणि क्रांती आरशासमोर साडीच्या निऱ्या तिसऱ्यांदा सोडून परत घालत होती. सासूबाईंच्या बोलण्याला ती मनातल्या मनात 'उंब्रजचं ज्ञान' म्हणायची. तिनं हूं केलं आणि पिन शोधायला लागली. तोंड पडलेलं आहे हे तिला आरशात दिसत होतं. त्यावर पावडर लावून काही उपयोग नव्हता.

सांगलीतल्या एका विद्यापीठाच्या धर्म-अध्ययन विभागात क्रांती तासिका तत्त्वावर शिकवायची. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. सृष्टी झाल्यापासून शालूबाई गाव सोडून इथं येऊन राहिल्या होत्या, पण आज त्यांच्या उसाला तोड आली होती आणि दुपारच्या गाडीनं त्यांना उंब्रज गाठायचं होतं. म्हणून पोरीला घेऊनच विभागात जाणं भाग होतं. एका खांद्याला पोर, दुसऱ्याला दुपटी-बाटल्यांची फुगलेली पिशवी, आणि पोटात एक जळता निखारा.

निखाऱ्याचं नाव स्वप्नाली.

विभाग दर जानेवारीत गावासाठी जाहीर व्याख्यान ठेवायचा. पहिल्या दिवशी सांगलीत, दुसऱ्या दिवशी तेच साताऱ्यात, मोठ्या सभागृहात. बाळंतपणाच्या आधी ते व्यासपीठ क्रांतीचं होतं. यंदा तिनं स्वतःच्या प्रबंधाचा विषय दिला होता, सुतक आणि सोयर. विभागप्रमुख लालासाहेब सरांनी चष्मा पुसत सांगितलं, "अहो क्रांतीबाई, सुतकावर ऐकायला घरातनं कोण बाहेर पडेल? देवाला गर्दी होते." आणि व्याख्यान गेलं स्वप्नालीकडे. ती जतकडच्या वाडीची, मेंढपाळाघरची. वडील तानाजी बिरोबाचे पुजारी आणि ओव्या गाणारे. मुलीनं बोलायचं, बापानं गायचं, आणि शेजारी वाडीतला पितळी मुखवटा, साक्षात देव. याच्यापुढं सुतक काय टिकणार?

नुसत्या टाळ्यांचा प्रश्न असता तर क्रांतीनं गिळलं असतं. पण विभागात एक कायमची जागा भरायची होती. अर्ज दोघींचेच होते, आणि निवड समितीतली माणसं साताऱ्याला पहिल्या रांगेत बसणार होती.

सांगलीचं व्याख्यान सुरेख झालं. तेच तर दुःख. पूर्वार्धात ढोल घुमायला लागले तशी सृष्टी दचकून किंचाळली आणि क्रांतीला व्हरांड्यात यावं लागलं. पोरीला थोपटत ती बाहेरून टाळ्या ऐकत राहिली. चहानंतर मागच्या रांगेत बसली, तेव्हा पोर गाढ झोपली होती. शेवटी लालासाहेब सर आरतीसाठी पुढं झाले. व्यासपीठाच्या कोपऱ्यात झेंडूच्या माळांचं मखर केलं होतं. त्यांनी माळांचा पडदा बाजूला सारला आणि हातातलं ताट तसंच धरून उभे राहिले.

मुखवटा नव्हता. खालचं काळं घोंगडंही नव्हतं. मोकळ्या पाटावर विड्याची दोन पानं, पानांवर तांदूळ, आणि तांदळावर एक नारळ, शेंडी वर करून ठेवलेला.

२

सभागृह रिकामं होईपर्यंत सरांनी आवाज चढवला नाही. दार लागल्यावर मात्र चढवला. सात पिढ्यांचा देव विभागाच्या भरवशावर वाडीतून बाहेर आला होता. उद्या वर्तमानपत्रात काय छापून येईल?

कार्यक्रमाची सगळी उस्तवारी वीरधवलकडे असायची: माईक, फलक, चहा, मोबाईलवर टाकायची चित्रफीत. तो घसा साफ करून म्हणाला की चहाच्या वेळी सगळे बाहेर होते. आत एकच माणूस त्यानं पाहिलं. "क्रांती मॅडम मखराजवळ उभ्या होत्या. खांद्याला ती पिशवी होती."

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाईंचे शब्द तिच्या कानात सकाळपेक्षा मोठ्यानं वाजले.

ती उभी होतीच, खोटं नव्हतं. कशाला, ते मात्र सांगण्याजोगं नव्हतं. टेबलावर 'स्वप्नाली' अशी नावाची पाटी होती, कडेला सोनेरी नक्षी. आपल्या वेळी साध्या कागदावर नाव लिहिलं होतं. ती नक्षी बघायला ती गेली होती. देव दोन हातांवर होता की नव्हता, याकडं तिचं लक्षच गेलं नाही. घारीसारखी नजर म्हणून जिला लोक चिडवायचे, तिनं पाटी पाहिली आणि देव पाहिला नाही.

तिनं पिशवी स्वतः उपडी केली. लंगोट, बाटली, खुळखुळा, अर्धं बिस्कीट. वीरधवलनं मान खाली घातली, पण सर म्हणाले की वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते. त्यांनी पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून उभे असलेले तानाजी पहिल्यांदा बोलले.

"पोलीस नगं, साहेब. देव हाय त्यो. जाईल तितं ऱ्हाईल, यायाचा तवा यील."

"आबा, असं कसं बोलताय?" स्वप्नालीचा आवाज फाटला. "देव चोरीला गेलाय आपला."

तानाजींनी लेकीकडं बघितलं नाही. पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

सरांनी निकाल दिला. उद्याचं सातारा पार पडू दे, परवा रीतसर तक्रार होईल. तोवर क्रांतीबाईंनी साताऱ्याला येऊ नये. आणि कायमच्या जागेच्या अर्जाचं म्हणाल तर, "एकदा डाग लागला की समितीसमोर मी तरी काय बोलू?"

म्हणजे परवापर्यंत देव सापडला नाही, तर जागा स्वप्नालीची आणि 'चोर' हे नाव क्रांतीचं. सृष्टी जागी होऊन खुळखुळ्यासाठी हात पसरत होती. क्रांतीनं तो उचलून तिच्या हातात दिला, आणि त्या नारळाकडं पुन्हा एकदा नीट पाहिलं.

चोर जाताना जागेवर नारळ कशाला ठेवेल?

३

वीरधवल तिला वायरी गुंडाळताना सापडला. आधी तो शब्द मोजून बोलत होता. मग क्रांतीनं सृष्टीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि शांतपणे समोर बसली. मांडीवर दुसऱ्याचं लेकरू असलं की पुरुषाला ताठ राहता येत नाही. मखराचं चित्रीकरण त्यानं फक्त पूर्वार्धात केलं होतं. नंतर त्याचा मोबाईल चार्जिंगला होता. आणि हो, त्याला आज एक मान मिळाला, ते राहिलंच. चहानंतर साताऱ्याचे एक पाहुणे उशिरा आले. सुरुवातीला दारात तानाजींनी स्वतः प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावला होता. म्हणून त्यानं पाहुण्यांना त्यांच्याकडं नेलं. पण तानाजींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, तुमीच लावा साहेब, आज तुमचा मान.

"मोठा माणूस हो," वीरधवल म्हणाला. "स्वतःच्या देवाचा भंडारा मला लावायला दिला."

लालासाहेब सरांच्या खोलीत जाताना तिला भीती कमी आणि चीड जास्त होती. सरांना तो मुखवटा हवा होता हे सगळ्या विभागाला माहीत होतं. प्रास्ताविकातच ते बोलून गेले होते की अशा ठेव्याला विभागाच्या संग्रहालयात कायमचं घर मिळावं. तिनं हे तोंडावर विचारलं. सरांनी चष्मा काढला.

"हवा होता. मागून हवा होता, असा नव्हे. चहाच्या वेळी मी त्याचसाठी तानाजीबुवांच्या पाया पडायला वाकलो. तर ते असे मागं सरले जसा मी विस्तव आहे. तेव्हाच समजलो, हा माणूस देणार नाही."

"त्यांनी नमस्कार घेतला नाही?"

"नाही म्हणजे नाहीच. अहो, सकाळी तेच आशीर्वाद देत होते सगळ्यांना."

क्रांती दारापर्यंत जाऊन थांबली. सकाळी आशीर्वाद, चहानंतर हात पाठीमागं. मधल्या वेळात त्या माणसाला काहीतरी झालं होतं.

राहिली स्वप्नाली. विभागाच्या अतिथिगृहात बापलेकीला दोन खोल्या दिल्या होत्या. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, आणि तरी ती सुंदर दिसत होती. क्रांतीला त्याचाही राग आला.

"शोधायला आलात की बघायला आलात?" स्वप्नालीनं विचारलं.

"दोन्ही," क्रांती म्हणाली. खोटं बोलण्याचं त्राण उरलं नव्हतं.

मग दोघी थोडं बोलल्या, पाण्याच्या पाटाच्या दोन काठांना उभं राहून बोलावं तशा. वाडीतून कुणाचा फोन आला होता का, असं क्रांतीनं विचारलं. आला असेल तर कळणार नाही, स्वप्नाली म्हणाली, कारण चहाच्या वेळी आबांनी तिचा फोन मागून घेतला. बोलताना मन विचलित होतं म्हणाले. अजून परत दिलेला नाही, आणि उद्या सातारा झाल्यावरच देणार आहेत.

"आणि तुला विचित्र नाही वाटलं?"

"माझे वडील माझ्या यशासाठी काय करतात ते तुम्हाला विचित्र वाटणारच, मॅडम."

टोमणा बरोबर जागी लागला. क्रांतीनं तो घेतला आणि जिना उतरली.

४

खाली व्हरांड्यात भिंतीला टेकवून दोन ढोल ठेवले होते. सृष्टीनं एकावर थाप मारली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून आईच्या गळ्याला मिठी घातली. तिचं काळीज धडधडत होतं. क्रांती तिथंच पायरीवर बसली.

एवढ्याशा थापेला दचकणारी ही पोर उत्तरार्धात झोपली कशी?

पूर्वार्धात ढोल घुमले तेव्हा भिंती हलत होत्या. उत्तरार्धातही ढोल होता, ओव्या होत्या, पण पोरीची पापणी हलली नाही. आईच्या कानानं ते तेव्हाच टिपलं होतं, फक्त जळणाऱ्या डोक्यानं त्याची दखल घेतली नव्हती. चहानंतर ढोल एकच वाजत होता. पूर्वार्धात दोन ढोलकरी होते. थोरला बाळासो, आणि त्याच्या जोडीला एक पोरगेला गडी. उत्तरार्धात पोरगाच हळू हातानं वाजवत होता, आणि बाळासो नव्हता. त्याचा ढोल मात्र इथं, भिंतीला.

ढोलकरी ढोल ठेवून गेला, आणि घोंगडं घेऊन गेला.

आता एकेक गोष्ट आपसूक शेजारी येऊन बसायला लागली. देव नेणाऱ्यानं जागेवर नारळ ठेवला. देव हलवला तर आसन मोकळं ठेवत नाहीत, परत यायचा असतो म्हणून जागा राखतात. म्हणजे नेणारा घरचा. तानाजींना देव गेल्याचं दुःख नाही, पोलीस नको, म्हणजे त्यांच्या संमतीनं गेला. मग स्वतः का नाही नेला? कारण त्यांना देवाला हात लावायचा नव्हता. भंडाऱ्याला लावला नाही. नमस्कार घेतला नाही. आणि लेकीचा फोन काढून घेतला.

देवाला शिवायचं नाही, नमस्कार करायचा नाही, घ्यायचा नाही. हे नियम क्रांतीनं तीन तालुके पालथे घालून स्वतः लिहून काढले होते. ज्या विषयावर ऐकायला कुणी घरातून बाहेर पडणार नाही असं सर म्हणाले होते, तोच विषय पटका बांधून समोर उभा होता.

सुतक. कुणीतरी गेलं होतं, आणि स्वप्नालीला ते माहीत नव्हतं.

५

तानाजी अतिथिगृहामागच्या आंब्याखाली उकिडवे बसले होते. क्रांती पोरीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. बाळासोचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आबा, तुमच्याकडं कोण गेलं?"

ते बोटांनी माती उकरायला लागले. मग म्हणाले, "मला ठावं न्हाई. म्हंजे, मी ठावं करून घेतलं न्हाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. चहाच्या वेळी पुतण्याचा, केरबाचा फोन आला. केरबा रडत होता. 'तात्या, असशील तसा निघून ये, आई…' एवढं तो म्हणाला आणि तानाजींनी फोन तोडला. बंद करून टाकला. कानावर पडलं की सुतक लागतं. जोवर पडलं नाही तोवर नाही, हे त्यांना बापानं शिकवलं होतं. लग्नकार्यात, जत्रेत, वाडीत असं कितीदा केलेलं. बातमी उंबऱ्याबाहेर थांबवायची आणि कार्य उरकून घ्यायचं.

"आन् फोनवर कोण मेलं म्हणून सांगत न्हाई, मॅडम. असशील तसा ये म्हणलं, की माणसानं समजून जायाचं. वहिनीला चार दिस दम लागत हुता. गेली ती."

वहिनी म्हणजे बयाबाई. स्वप्नालीची आई ती रांगत असतानाच वारली, तेव्हा या चुलतीनं तिला पाठीशी बांधून मेंढरांमागं वागवली होती. हिला शाळेत घाला म्हणून दिराशी भांडली होती. स्वप्नाली तिला मोठीआई म्हणायची.

"सपीला कळलं तर ती साताऱ्याचं टाकून पळंल. गेलेल्या माणसापायी तिनं हातात आलेलं घालवावं? वहिनीनंच तिला हितवर आणली. तिलाबी हे पटलं नसतं." त्यांनी डोळे पुसले. "पर देवाला फशीवता येत न्हाई. कान झाकला तरी मनाला कळलंच की. म्हणून बाळासोला दिला. त्याची भावकी येगळी, त्याला सुतक न्हाई. कुपवाडला त्याच्या मेहुण्याच्या खोलीवर हाय देव. दिवा लावून बसलाय बाळासो. तुमच्या नावाचा बोभाटा हुईल हे मला कुठलं ठावं? परवा समद्यांम्होरं मी सांगतो. एवढा उद्याचा दिस झाकून घ्या."

क्रांतीचं कोडं सुटलं होतं. आता फक्त सरांच्या खोलीत जाऊन बोलायचं. डाग पुसला जाईल. आणि स्वप्नालीला बातमी कळेल. ती वाडीकडं धावेल. उद्या साताऱ्याचं व्यासपीठ मोकळं राहील.

ते मोकळं व्यासपीठ तिला स्पष्ट दिसलं, टेबलावर सोनेरी नक्षीच्या पाटीसकट. आणि आत कुठंतरी गोड वाटलं. एका म्हातारीच्या मरणावर गोड वाटलं. तिनं पोरीला घट्ट धरलं, जणू कुणी बघत होतं.

सांगितलं तर लोक म्हणतील, बघा, जळकी बाई, ऐन वेळी बातमी फोडली. आणि खरंही म्हणतील. गप्प बसलं तर एक मुलगी आईच्या तोंडाचं शेवटचं दर्शन चुकवेल, आणि उद्या टाळ्या घेईल, आणि पुढं जन्मभर त्या टाळ्या तिला चावतील. गप्प बसण्यातही थोडं गोड होतं, हे क्रांतीला कळलं. तेव्हा मात्र तिला स्वतःची भीती वाटली.

ती विचारांना सोडून पुन्हा त्या फोनकडं वळली. पुराव्याकडं. केरबाचं वाक्य तिनं मनात जसंच्या तसं मांडलं.

"आबा, 'आई' च्या पुढं केरबा काय म्हणाला?"

"म्हणलं न्हवं, मी तोडला."

"म्हणजे बयाबाई गेल्या असं कुणीच म्हटलं नाही."

"म्हणावं लागत न्हाई, पोरी."

"नंबर द्या."

तानाजी एकदम उठले. त्यांनी खरोखर दोन्ही हात कानांवर ठेवले. उद्यापर्यंत, फक्त उद्यापर्यंत, असं ते पुटपुटत होते. क्रांतीनं आवाज चढवला नाही.

"तुम्ही ऐकू नका. लांब जाऊन उभे राहा. तुमच्या भावकीचं सुतक माझ्या कानाला लागत नाही."

त्यांनी फोन काढून जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून बांधापर्यंत चालत गेले. क्रांतीनं तो चालू केला. एवढ्या वेळात आलेले केरबाचे न घेतलेले कॉल एकामागून एक उमटत गेले. मेल्या माणसासाठी इतके फोन कोण करतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

६

केरबा आधी शिव्या देत सुटला. बाईचा आवाज ऐकून वरमला. मग खरं काय ते बोलला.

बयाबाई जिवंत होती. सकाळीच तिला मिरजेला आणलं होतं, सांगलीच्या पलीकडं, इथून रिक्षानं जाता येईल इतक्या जवळ. डॉक्टर म्हणत होते, हृदयाची नळी बंद आहे, आजच उघडली पाहिजे. आणि म्हातारी आत जाईना. सपीला बघितल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, म्हणून खाटेची दांडी धरून बसली होती. आई सपीला बोलावतीय, एवढंच त्याला सांगायचं होतं. "दुपारधरनं दोघांचं फोन बंद. डॉक्टर म्हणत्यात, आजून उशीर केला तर आमच्या हातात काय न्हाई."

क्रांती जिना चढली. स्वप्नाली आरशासमोर उद्याचं व्याख्यान म्हणून बघत होती.

"बयाबाई मिरजेच्या दवाखान्यात आहेत. तुला बघितल्याशिवाय ऑपरेशन करून घेत नाहीत. चल."

स्वप्नालीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कडवट झाला. "देव नेऊन भागलं नाही म्हणून आता माझ्या मोठीआईचं नाव घेताय? साताऱ्याचं व्यासपीठ एवढं पाहिजे तुम्हाला?"

"पाहिजे," क्रांती म्हणाली. "लय पाहिजे. तरी हे घे आणि ऐक."

तिनं फोन पुढं केला. पलीकडं केरबानं आईच्या कानाला लावला असावा. खोलीत दम लागलेला, खरखरीत आवाज आला.

"सपे, कुटं हुतीस गं? ह्यास्नी सांग, माजी लेक आल्याबगर मला हात लावू नगा."

स्वप्नालीनं चप्पलही घातली नाही. क्रांतीनं तिची चप्पल हातात घेतली, पोरीला कडेवर घेतलं आणि दोघी रिक्षात बसल्या. तानाजी धावत येऊन रिक्षाच्या कडेला धरून उभे राहिले. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं, तिथं रडं होतं, पण मरणाचं नव्हतं.

"हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय," क्रांती म्हणाली. "बसा."

मिरजेच्या दवाखान्यात म्हातारीनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, पायात चप्पल नाही म्हणून रागावली, आणि आत गेली. दार बंद झाल्यावर तानाजींनी कुपवाडला फोन लावला आणि बाळासोला सांगितलं, देव घेऊन ये गड्या, काय झालं न्हाई. मग लालासाहेब सरांना लावला. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून, उद्याची वाट न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. मधे मधे ते हात जोडत होते, जणू सरांना दिसत होतं.

त्यानंतर सरांचा फोन क्रांतीला आला. दिलगिरी, गैरसमज, वगैरे. मग ते अडखळले. उद्या सातारा मोकळं आहे, तर तिचा तो सुतकाचा विषय…

सरांचं वाक्य संपायच्या आधीच क्रांती हो म्हणाली. शेजारी बाकावर स्वप्नाली बसली होती. तिनं ते हो ऐकलं. मान वळवली नाही.

७

साताऱ्याच्या वाटेवर उंब्रजला हमरस्त्यावर शालूबाई गाडीत चढल्या, नातीला मांडीवर घेतलं, आणि सुनेचं तोंड नीट बघून घेतलं. ऊस गेला का, एवढंच क्रांतीनं विचारलं. गेला, म्हणाल्या.

क्रांती चांगली बोलली. बातमी कानावर पडण्याआधीचा माणूस आणि पडल्यानंतरचा माणूस यांच्यामधल्या त्या अरुंद जागेबद्दल बोलली, जिथं माणसं कार्यं उरकून घेतात. कुणाचं नाव घेतलं नाही. सभागृह ऐकत होतं, मागून कुणी खोकलंही नाही. शेवटी पहिल्या रांगेतले समितीचे एक गृहस्थ पुढं आले, छान झालं म्हणाले, आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "ती ओव्यांवर बोलणारी मुलगी नाही आली का? खास तिला ऐकायला आलो होतो."

टाळ्यांची गोडी तिथंच उतरली. क्रांतीनं त्यांना सांगितलं की तिच्या घरात आजारपण आहे, आणि ती आपल्यापेक्षा चांगली बोलते. पहिला भाग खरा होता. दुसराही खरा होता, म्हणून तो बोलताना जीभ जड झाली.

देव वाडीत पोचला. वीरधवलनं विभागाच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागितली, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तरी व्हरांड्यातून जाताना क्रांतीच्या कानावर येतंच, मॅडमनी वेळ बरोबर साधली. ती मागं वळत नाही. वळून सांगणार काय?

मुलाखती तोंडावर आल्यात. स्वप्नाली अजून रजेवर आहे. नळी उघडली, पण फुफ्फुसात पाणी झालं म्हणून म्हातारीला मिरजेतच ठेवलंय, इतकं कुणाकडून तरी समजलं. पुढचं समजलेलं नाही. क्रांती मोबाईल हातात घेते, 'कशा आहेत मोठीआई' असं लिहिते, आणि पुसून टाकते. कारण तो प्रश्न स्वप्नालीला कसा वाचता येईल, हे तिला माहीत आहे. म्हातारी बरी झाली असेल तर स्वप्नाली मुलाखतीला येणार, नसेल तर नाही येणार. या घडीला क्रांतीनं विचारलं तर ती चौकशी चौकशी राहत नाही.

तेव्हा तुमचं कुणाचं मिरजेकडं जाणं झालं, आणि ते कुणाचं ना कुणाचं होतंच, तर थोडी वाट वाकडी करा. स्टेशनच्या अंगाच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात विचारा, जतकडच्या बयाबाई कुठल्या खाटेवर आहेत. दम अजून लागतो का ते बघा, पायांवर सूज आहे का ते बघा, उशाला कोण बसलंय तेही बघा. क्रांतीचं नाव तेवढं काढू नका. आणि बाहेर आल्यावर, असाल तिथून, तिला एक फोन करून पुरतं काय ते सांगा. ती मधेच तोडणार नाही.